दिलेली लेक

हॉटेलात जेवायला जायची कल्पना विमलाबाईंची होती, आणि म्हणूनच वासंतीच्या मनात ती पहिल्यापासून खुपत होती. ज्या बाईने उभ्या आयुष्यात बाहेरचा चहासुद्धा तोंड वाकडं करून घेतला, तिने रविवारी सकाळी पूजा आटोपून सांगावं की आज स्वयंपाक करू नकोस, सगळे मिळून शेट्टीकडे जेवू, लवूलाही निरोप धाडलाय, यात काहीतरी होतं. वासंतीने नवऱ्याकडे पाहिलं. ईश्वर वर्तमानपत्रात डोकं घालून बसला होता. ते त्याने वर काढलं नाही.

"कशाबद्दल पण?" तिने सासूला विचारलं.

"कशाबद्दल काय? माणसं एकत्र जेवत नाहीत?"

"पिंटूला जाऊन अजून वर्ष नाही झालं, आई. सुचेता येईल हॉटेलात?"

"येईल. तिनेच हो म्हटलंय."

गेल्या श्रावणात धाकट्या दिराचा, लवूचा पिंटू मेंदूज्वराने गेला. चौदा वर्षांचा मुलगा शाळेतून डोकं दुखतंय म्हणत घरी आला, तो पुन्हा दप्तराला हात लावायला उठलाच नाही. तेव्हापासून धाकट्या जावेने मीरा रोडच्या आपल्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. दिवाळीला नाही, संक्रांतीला नाही. चुलत नणंदेच्या लग्नालाही लवू एकटाच येऊन अक्षता टाकून गेला होता. ती सुचेता आज रिक्षात बसून भाईंदरला येणार आणि फॅमिली रूममध्ये राईस प्लेट जेवणार, हे वासंतीच्या गळी उतरेना.

"आई, मी कुठला फ्रॉक घालू?" रुचिताने आतून विचारलं.

"पिवळा," वासंतीच्या आधी विमलाबाईच म्हणाल्या. "पिवळा घाल. चांगली दिसतेस त्यात."

शेट्टीचं हॉटेल स्टेशनकडच्या रस्त्यावर होतं. पुढे उभ्याने खाणाऱ्यांची दाटी, मग गल्ला, गल्ल्याशेजारी रंगीत माशांची काचेची टाकी, आणि तिच्यापलीकडे पडद्याआड कुटुंबांसाठी मांडलेली चार-सहा टेबलं. लवू आणि सुचेता आधीच येऊन बसले होते. सुचेताची गालफडं बसलेली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरतील असे हात झालेले. पण आज तिने इस्त्रीची साडी नेसली होती आणि केसांचा नीट अंबाडा घातला होता. ते बघून वासंतीला बरं वाटायला हवं होतं. तिला भीती वाटली.

"रुचिता, इकडे ये. माझ्याजवळ बस," सुचेता म्हणाली आणि शेजारची खुर्ची हाताने पुसली.

रुचिताने आईकडे पाहिलं. वासंतीने मान हलवली. नाही कशी म्हणणार? सख्खी काकू, मुलगा गेलेली. मुलगी जाऊन काकूशेजारी बसली.

वेटर पाण्याचे ग्लास आदळून उभा राहिला. "चार राईस प्लेट," लवू त्याला म्हणाला, "एक इडली, और बच्ची के लिए एक मसाला डोसा." इडली विमलाबाईंसाठी. त्यांच्या दातांना आता पुऱ्या झेपत नसत. ऑर्डर देऊन झाल्यावर लवू टेबलावरची मिठाची बाटली फिरवत बसला. ईश्वरने त्याला ऑफिसचं विचारलं, म्हणजे गोदामाचं. गिरणी सुटल्यापासून लवू औषधांच्या एका गोदामात होता. "चाललंय," लवू म्हणाला.

जेवण आलं तशी सुचेताने डोसा आपल्या पुढ्यात ओढून घेतला. ती त्याचे तुकडे करू लागली, आतली भाजी बाजूला काढून मिरच्या बोटाने वेचू लागली. रुचिता अकरा वर्षांची होती. तिला घरी कुणी घास मोडून देत नव्हतं. ती अवघडून बसली.

"काकू, मला तिखट चालतं."

"चालतं?" सुचेताचा हात थांबला. "पिंटूला नाही चालायचं."

त्या नावासरशी टेबलावरचे सगळे हात थबकले. रुचिताने घाईघाईने डोशाची थाळी आपल्याकडे ओढली, आणि त्या ओढाताणीत सांबाराची वाटी कलंडून पिवळ्या फ्रॉकवर भलामोठा डाग पडला. वासंती उठणार तोच सुचेताने पदराचं टोक पाण्यात बुडवून पुसायलाही घेतलं होतं.

मुलीचं खाणं लवकर आटोपलं. मोठ्यांची ताटं अजून अर्धी होती.

"जा गो, हात धू आणि मासे बघ जरा," विमलाबाई तिला म्हणाल्या. "आम्ही आहोत इथेच."

पडदा हलला आणि रुचिता बाहेर गेली. तेव्हा वासंतीला कळलं की आता ते येणार. काय येणार हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. गेली अकरा वर्षं तिला ते ठाऊक होतं.

"वासंती, मी फिरवून फिरवून बोलत नाही," विमलाबाई म्हणाल्या. इडलीला त्यांनी बोटही लावलं नव्हतं. "परीक्षा झाली की रुचिताला लवूकडे राहू दे."

"सुट्टीत?"

"कायमची."

वासंतीने हातातली पुरी ताटात ठेवली. "म्हणून हॉटेल," ती म्हणाली.

"घरी भिंतीला कान आहेत. इथे कुणी आवाज चढवणार नाही."

"मी घरीही कधी चढवला नाही, आई."

ते खरंच होतं. एकवीस वर्षांत तिने या बाईपुढे आवाज चढवला नव्हता. त्यातली पहिली दहा मूल नाही म्हणून खाली मान घालून काढलेली. मग गिरण्यांचा संप झाला, लवू घरी बसला. लालबागच्या खोलीत तीन-चार वर्षांचा पिंटू, त्यात हे दुसरं मूल, मुलगी झाली आणि सुचेता बाळंतपणातून उठेना. विमलाबाईंनी बारशाआधीच ते मूल उचललं आणि वासंतीच्या ओटीत घातलं. ही तुझी, म्हणाल्या. सुचेता तेव्हा भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिला कुणी विचारलं होतं का, हे वासंतीने त्या दिवशी विचारलं नाही. नंतरही नाही. पुढे ती मंडळी मीरा रोडला आली, ही भाईंदरला खारीगावाजवळ, आणि मुलगी काका-काकू म्हणत दोन्ही घरांत वाढली. सगळ्या नात्यागोत्याला माहीत होतं. एका तिलाच नव्हतं.

"तेव्हा मीच दिली," विमलाबाई म्हणाल्या. "आज मीच मागते. तुझ्याकडे काय कमी झालं म्हणून नव्हे. तिचं घर रिकामं पडलंय."

"आणि माझं?"

"तुला ईश्वर आहे. मी आहे."

वासंतीने नवऱ्याकडे बघितलं. तो आमटीत भात कालवत होता. कालवून झालेला भात तो पुन्हा कालवत होता.

"तुम्ही काही बोलणार आहात का?"

"मला वाटतं," ईश्वर म्हणाला, "थोडे दिवस करून बघायला हरकत नाही. लांब कुठे आहे? मीरा रोड तर आहे."

म्हणजे हे घरात बोलून झालं होतं. ती भाजीला गेली असताना, नाहीतर रुचिताला शाळेत सोडायला गेली असताना, मायलेकांनी बसून ठरवलं होतं. वासंतीला एकदम त्या टेबलावर आपण पाहुणी असल्यासारखं वाटलं.

"ताई," सुचेता प्रथमच बोलली, "मी तिला तोडणार नाही तुमच्यापासून. शपथ घेते. पण मला सकाळी उठायला काहीतरी पाहिजे. डबा भरायला कुणीतरी पाहिजे."

"मला विचारून ठरवायची गोष्ट नव्हती का ही?"

"मला कुठे विचारलं होतं?" सुचेताचा आवाज अगदी खाली होता. "अंगात ताप होता माझ्या. उतरला तेव्हा पाळणा रिकामा."

"तू हो म्हणाली होतीस," विमलाबाई तिच्याकडे वळल्या. "माझ्यासमोर मान हलवलीस तू."

"आठवत नाही मला आई. तुम्ही म्हणता म्हणजे हलवली असेन."

विमलाबाईंनी इडलीची बशी बाजूला सारली. ज्या सुनेची बाजू मांडायला त्या आल्या होत्या, तिनेच हे उलटं त्यांच्या पदरात घातलं होतं.

वेटरने येऊन विचारलं, "और पुरी?" आणि उत्तराची वाट न बघता तो सगळ्यांच्या ताटात एकेक टाकून गेला.

"मला नकोय," लवू म्हणाला.

आधी सगळ्यांना वाटलं तो पुरीबद्दल बोलतोय. पण त्याने मिठाची बाटली खाली ठेवली होती आणि तो आईकडे बघत होता.

"मी नाही मागितली तिला. ही मागतेय, तू मागतेयस. मला कुणी विचारलं? ती हसली की पिंटू दिसतो. आत्ता इथे बसून डोसा खात होती, मी मान वर नाही केली, बघितलंत ना? रोज ती घरात फिरायला लागली तर मी कसा राहू त्या घरात?"

"मला दिसायला हवाय," सुचेता म्हणाली.

"आणि मला नकोय दिसायला."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. गेले सात-आठ महिने ती दोघं एका छताखाली कशी राहत असतील, ते त्या दोन वाक्यांत उघडं पडलं. वासंतीला त्या क्षणी कळवळा यायला हवा होता. पण बुडत्या माणसाला काठ दिसावा तसा तिला लवू दिसला, आणि तिने तो घट्ट धरला.

"ऐकलंत आई? भावजींनाच नकोय. आणि हिला रुचिता नकोच आहे. हिला पिंटू हवाय." ती सुचेताकडे वळली. "मेलेला मुलगा माझ्या मुलीत शोधू नकोस तू."

पिंटू गेला, असंच आतापर्यंत सगळे म्हणत. तो दुसरा शब्द घरात कुणी तोंडातून काढला नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या गुजराती बाईने वळून बघितलं. वासंतीला आपलाच आवाज पंख्याच्या घरघरीच्या वर ऐकू आला होता.

सुचेताने उष्ट्या हाताने पाण्याचा ग्लास उचलला, ताटातच हात धुतला, रुमालाला पुसला, आणि ती पडदा सारून बाहेर गेली. बेसिनकडे जाईल असं सगळ्यांना वाटलं. पडद्याच्या फटीतून वासंतीला दिसलं की ती टाकीकडे गेली.

रुचिता काचेला नाक लावून उभी होती. सुचेता तिच्याजवळ खाली उकिडवी बसली, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि बोलू लागली. गल्ल्यावर चिल्लर वाजत होती, आतून वाट्या आदळत होत्या. एक शब्द इकडे येत नव्हता. फार वेळ लागला नाही. रुचिताने आधी सुचेताकडे पाहिलं, मग मान वळवून पडद्याकडे. ती वासंतीला शोधत नव्हती. ती ईश्वरकडे बघत होती, आणि ईश्वरने नजर खाली वळवली.

वासंती उठली तशी खुर्ची मागे आपटली. ती टाकीपाशी पोचली तेव्हा सुचेता अजून तशीच बसलेली होती.

"काकू म्हणते..." रुचिताने सुरुवात केली आणि काकू या शब्दाशीच ती अडखळली. "खरं आहे?"

"घरी चल. घरी सांगते सगळं."

"म्हणजे खरं आहे."

वासंतीला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. मुलगी मागे सरली नाही, पण तिने खांदा असा आक्रसून घेतला की हात तसाच राहिला.

"म्हणजे पिंटूदादा माझा सख्खा भाऊ होता?"

"हो," सुचेता म्हणाली.

रुचिता रडली नाही. ती कपाळाला आठ्या घालून काहीतरी जुळवत होती. "मग दादा गेला तेव्हा मला का नाही नेलं? सगळे गेले. मला टेरेझा आंटींकडे ठेवलं. मी म्हणत होते मला दादाला बघायचंय, तर तू म्हणालीस लहान मुलांनी बघायचं नसतं. दादाच्या मजल्यावरचा सचिनसुद्धा तिथे गेला होता. तो माझ्याहून लहान आहे."

याचं उत्तर वासंतीकडे होतं, पण ते तोंडावर आणता येण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी सुचेता दुःखाने वेडीपिशी होऊन मुलीला मिठी मारेल, सगळ्यांदेखत माझी म्हणेल, ही धास्ती तिला होती. म्हणून तिने मुलीला शेजारणीकडे ठेवलं. भावाचं तोंड बघायचं राहिलं.

मागे ईश्वर बिल देऊन येऊन उभा राहिला होता. विमलाबाई त्याच्या हाताचा आधार घेऊन. लवू सगळ्यांत मागे.

"मी यांच्याकडे जाते," रुचिता म्हणाली. बोट कुणाकडे केलं नाही. "दादाचं कपाट बघायचंय मला."

"उद्या शाळा आहे, बाळा."

"मला जायचंय."

हॉटेलबाहेर उन्हात दोन रिक्षा केल्या. पहिलीत लवू पुढे ड्रायव्हरशेजारी अर्धा लटकून बसला, जागा असून मागे बसला नाही. सुचेता आणि रुचिता मागे. रिक्षा वळली तरी मुलीने मागे पाहिलं नाही. वासंती रस्त्याच्या कडेला उभी होती, हातात रुचिताचा रुमाल होता.

दुसऱ्या रिक्षात तिघं दाटीवाटीने बसली. मध्ये विमलाबाई.

"तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?" वासंतीने त्यांच्या डोक्यावरून नवऱ्याला विचारलं.

"पंधरा-वीस दिवस झाले असतील."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

"नसतेच आले."

"म्हणूनच," ईश्वर म्हणाला, आणि बाहेर बघू लागला. बाहेर मिठागरांचे पांढरे वाफे उन्हात तळपत होते, त्यापलीकडे नव्या इमारतींचे उघडे खांब.

थोडं अंतर गेल्यावर विमलाबाई बोलल्या. "शिवरात्रीला ती गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसली होती. पाय बाहेर सोडून. लवूने मागून धरून ओढली."

वासंतीला आधी नीट कळलंच नाही. "कोण?"

"कोण काय. सुचेता. लवू दुसऱ्या दिवशी आला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. दोन दिवस मी झोपले नाही. मला दुसरं काय सुचणार? माझ्याकडे द्यायला होतं काय?"

"मग हे का नाही सांगितलंत? तिथे बसल्यावर तरी?"

"चारचौघांत सांगायची गोष्ट आहे का ती? तिच्या तोंडावर?" म्हातारीचा आवाज फाटला. "आणि तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस गो? दिली असतीस?"

वासंतीला उत्तर ठाऊक होतं. दिली नसती. हे ऐकल्यावर तर मुळीच नसती. गच्चीवर पाय सोडून बसणाऱ्या बाईच्या घरात कोण आपली मुलगी पाठवेल? आणि आत्ताच तर ती गेली होती, त्याच घरात, आपल्या डोळ्यांदेखत. तिने रिक्षावाल्याच्या पाठीला हात लावला. "भैया, मीरा रोड लेना. वापस."

"वासंती," ईश्वर म्हणाला, "आत्ता नको. आत्ता तिथे जाऊन तमाशा होईल. संध्याकाळी जा. मी येतो हवं तर."

"तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. पण रिक्षा घराकडेच गेली. सासूने तिचं मनगट घट्ट धरलं होतं, म्हणून ती उतरू शकली नाही.

दुपार कशीबशी सरली. वासंतीने रुचिताच्या गणवेशाला इस्त्री केली, वह्या दप्तरात भरल्या, रिबिनी ठेवल्या. हे सगळं कशासाठी करतोय, मुलीला परत आणायला चाललोय की तिचं सामान पोचवायला, ते तिचं तिलाच ठरवता येईना. उन्हं कलल्यावर ती एकटी निघाली.

मीरा रोडच्या त्या इमारतीखाली लवू कठड्यावर बसला होता. दुपारचेच कपडे. तिला बघून उभा राहिला.

"वर नाही गेलात भावजी?"

"गेलो होतो. परत आलो." त्याने तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "तिच्या फ्रॉकवर डाग होता ना. सुचेताने त्याचा शर्ट दिला घालायला. निळा, चौकटीचा. दार उघडलं आणि समोर..." तो पुन्हा कठड्यावर बसला. "जाईन थोड्या वेळाने."

"आईंनी सांगितलं मला. शिवरात्रीचं."

लवूने मान हलवली. "गच्चीला कुलूप घातलंय मी. चावी माझ्याकडे असते." त्याने खिसा चाचपला. "वहिनी, मी दुपारी बोललो ते तुमच्या बाजूने नव्हतं बोललो. माझ्यापुरतं बोललो. तुम्ही त्याचं भलतंच केलंत."

"हो," वासंती म्हणाली. "केलं."

दार सुचेतानेच उघडलं. रागाने बघेल असं वासंतीला वाटलं होतं. तिने बोट ओठावर ठेवलं फक्त. "झोपलीय."

आतल्या खोलीत पिंटूच्या खाटेवर रुचिता निजली होती. निळ्या शर्टाच्या बाह्या तिच्या बोटांवरून खाली आल्या होत्या. जमिनीवर त्याचं सगळं कपाट पसरलेलं होतं: वह्या, बॅटचं तुटकं हँडल, कागदी विमानं, मेडल, एका पायाचे क्रिकेटचे पॅड. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"खूप रडली," सुचेता म्हणाली. "मीही रडले. दोघी रडलो." मग ती म्हणाली, "त्याच्याबद्दल विचारत होती. काय खायचा, काय बोलायचा. माझ्याशी कुणी त्याच्याबद्दल बोलतच नाही ताई. हे तर नाव काढू देत नाहीत."

वासंती खाटेच्या एका बाजूला खाली बसली. सुचेता दुसऱ्या बाजूला.

"मी तसं बोलायला नको होतं," वासंती म्हणाली.

"मीही तिला तसं सांगायला नको होतं. हॉटेलात. उभ्या उभ्या."

दोघींना एवढंच बोलता आलं. त्यापुढची गोष्ट, म्हणजे मुलगी कुणाकडे राहणार, ती तिथेच मध्ये पडून होती आणि तिला कुणी हात लावला नाही. बाहेर अंधारून येत होतं. दिवा लावला तर ती उठेल म्हणून कुणी उठलं नाही.

"नेणार तिला?" सुचेताने विचारलं.

"उठली की विचारू."

"ती हो म्हणाली तर?"

"तर तू काय करशील, तेच बघतेय मी," वासंती म्हणाली. सुचेताने चमकून तिच्याकडे पाहिलं. शिवरात्रीचं हिला माहीत आहे, हे तिला तेव्हा कळलं. तिने पदर तोंडाशी धरला आणि आवाज येऊ दिला नाही.

खाट करकरली. रुचिता उठून बसली. अंधारात आधी तिला काही उमगलं नसावं. मग तिला एका बाजूला एक दिसली, दुसऱ्या बाजूला दुसरी. दोघीही एकदम उभ्या राहिल्या.

"काही हवं का बाळा?" सुचेता म्हणाली.

"पाणी देऊ?" वासंती म्हणाली.

मुलगी खाटेवरून उतरली, पसरलेल्या वस्तूंमधून पाय सांभाळत स्वयंपाकघरात गेली. तिकडे दिवा लागला. भांड्याचा आवाज झाला, ग्लास ठेवल्याचा आवाज झाला, आणि ती परत येऊन दारात उभी राहिली. शर्टाच्या बाह्या तिने कोपरापर्यंत दुमडल्या होत्या.

"गणवेश आणलास?" तिने विचारलं.

"हो." वासंतीने पिशवी पुढे केली. "दप्तरही आहे. घरी येतेस का? रिक्षा मिळेल अजून."

रुचिताने पिशवी घेतली, आत बघितलं, आणि ती खाटेच्या पायथ्याशी ठेवली.

"इथून शाळेकडे जायची बस कुठे थांबते?"

"नाक्यावर," सुचेता म्हणाली. "मी सोडीन ना तुला."

"मी येते सकाळी लवकर. मी सोडते," वासंती म्हणाली.

"नको," रुचिता म्हणाली. "मी एकटी जाईन. कुणी येऊ नका."

ती भिंतीकडे तोंड करून पुन्हा खाटेवर आडवी झाली. स्वयंपाकघरातल्या दिव्याचा पट्टा तिच्या पाठीवर पडला होता. दोघी जावा तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या, आणि आधी कुणी बसावं ते दोघींनाही कळत नव्हतं.